विश्लेषण : कर्करोगाच्या पेशीत आयोडीनचे जनुक जागे असते, मग आयोडीनचे थेंब का चालत नाहीत?

‘स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना आयोडीन हवे असते, म्हणून आयोडीनचे थेंब घ्या,’ अशा अर्थाचे व्हिडीओ आणि जाहिराती मोबाइलवर अधूनमधून फिरत असतात. त्यात शास्त्रीय शब्द असतात, परदेशी संशोधनाचा दाखला असतो आणि शेवटी बाटली मागवण्याची लिंक असते. अडचण अशी की, यातला संशोधनाचा दाखला पूर्णपणे खोटा नसतो. स्तनाच्या कर्करोगाच्या बऱ्याच गाठींमध्ये आयोडीन आत घेणाऱ्या यंत्रणेचे जनुक खरोखरच जागे झालेले आढळते. पण जनुक जागे होणे ही एक गोष्ट आणि आयोडीन पेशीत जाणे ही दुसरी. या दोहोंतले अंतर कसे पार करायचे, यावर नवी मुंबईत खारघरला अनेक वर्षे संशोधन चालू आहे. बाटली विकणारा मात्र ते अंतर एका वाक्यात पार करतो.

खेडसारख्या तालुक्यात या फरकाला फार महत्त्व आहे. छातीत गाठ लागली की कुणाला सांगायचे, कुठे दाखवायचे, मुंबईला कुणाकडे उतरायचे, यातच दिवस जातात. त्यात ‘आधी महिनाभर थेंब घेऊन बघू’ हा पर्याय आला की आणखी एक महिना जातो.

स्तनाला आयोडीन कशासाठी?

आयोडीन म्हटले की गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आठवते, आणि ते बरोबरच आहे. थायरॉइडची संप्रेरके आयोडीनशिवाय बनत नाहीत आणि बाळाच्या मेंदूची वाढ त्या संप्रेरकांवर अवलंबून असते. आता विचार करा, पहिले सहा महिने बाळ फक्त आईचे दूध पिते. त्याला आयोडीन मिळणार कुठून? दुधातूनच. म्हणून स्तनपान चालू असताना स्तनाच्या पेशी आईच्या रक्तातले आयोडीन गोळा करून दुधात उतरवतात. दुधातले त्याचे प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

हे काम ‘सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर’ नावाचे प्रथिन करते. आपण त्याला आयोडाइडचा वाहक म्हणू. तो पेशीच्या बाहेरच्या आवरणात रुतून बसतो. पेशी सतत सोडियम बाहेर फेकत असते, त्यामुळे बाहेर साठलेल्या सोडियमची ओढ पुन्हा आत येण्याकडे असते. त्या ओढीचा फायदा घेऊन हा वाहक सोडियमचे दोन कण आत घेताना त्यांच्यासोबत आयोडाइडचा एक कण ओढून घेतो. थायरॉइडमध्ये याच युक्तीने आयोडाइड रक्तातल्यापेक्षा २० ते ४० पट साठवले जाते. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात नॅन्सी कारास्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये या वाहकाचे जनुक प्रथम उंदरात शोधले. त्याच वर्षी माणसातले जनुकही सापडले. ते १९व्या गुणसूत्रावर असते आणि त्यावरून ६४३ अमिनो आम्लांची साखळी तयार होते.

हे जनुक कोण जागे करते?

आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत हे जनुक असते. यकृतात असते, हाताच्या कातडीतही असते. पण तिथे ते गप्प असते. जनुकाच्या आधी डीएनएचा एक पट्टा असतो, त्यावर काही ठरावीक प्रथिने येऊन बसली तरच जनुकाची नक्कल निघते आणि तिच्यावरून वाहक तयार होतो. थायरॉइडमध्ये हे काम मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीकडून येणारे टीएसएच संप्रेरक आणि ‘पॅक्स-८’ नावाचे प्रथिन मिळून घडवतात.

स्तनात मात्र हुकूम वेगळ्यांचा चालतो. तिथे प्रोलॅक्टिन, ऑक्सिटोसिन आणि इस्ट्रोजेन यांचे राज्य. बाळ दूध ओढू लागले की आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन वाढते आणि स्तनपेशीतले हे जनुक कामाला लागते. उंदरांवरच्या प्रयोगांत पिल्ले आईपासून दूर केली की वाहकाचे प्रमाण घटते, परत आणली की पुन्हा वाढते असे दिसले आहे. बाळ अंगावर पिणे थांबले की हे जनुक पुन्हा गप्प होते. बाळंत न झालेल्या किंवा दूध सुटलेल्या बाईच्या निरोगी स्तनात ते जवळजवळ बंदच असते.

एक व्यवहारातली गोष्ट इथेच सांगायला हवी. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीनचा उपचार घ्यायचा असेल तर स्तनपान किमान सहा आठवडे आधी पूर्ण थांबवावे लागते आणि त्या बाळासाठी ते पुन्हा सुरू करता येत नाही. कारण हाच वाहक. तो साधे आणि किरणोत्सारी आयोडीन यात भेद करत नाही. औषध स्तनात साठते आणि दुधातून बाळाला जाते.

कर्करोगात काय होते?

२००० साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात कारास्को यांच्या गटाचा एक निबंध आला आणि या विषयाला वेगळे वळण लागले. त्यांनी तपासलेल्या पसरणाऱ्या स्तन-कर्करोगाच्या २३ नमुन्यांपैकी ८७ टक्क्यांत हा वाहक आढळला. कर्करोग नसलेल्या, केवळ आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेतून मिळालेल्या आठ नमुन्यांपैकी एकातही तो नव्हता. म्हणजे बाळ नाही, दूध नाही, तरीही कर्करोगाच्या पेशीने हे जनुक पुन्हा जागे केले होते.

संशोधकांना यात आशा का दिसली, हे समजण्यासाठी थायरॉइडच्या कर्करोगाकडे पाहावे लागेल. १९४१ मध्ये बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी थायरॉइडच्या विकारासाठी पहिल्यांदा किरणोत्सारी आयोडीन वापरले आणि त्या दशकात ते थायरॉइडच्या कर्करोगासाठीही वापरले जाऊ लागले. तोंडाने घेतलेले औषध रक्तातून फिरते, थायरॉइडच्या पेशी ते स्वतःहून आत ओढून घेतात, आणि त्यातून निघणारे बीटा किरण जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या परिसरातल्या पेशी मारतात. फुप्फुसात किंवा हाडात पसरलेल्या थायरॉइडच्या पेशीही अशा टिपता येतात. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून अशा उपचारांचे काम करत आले आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींतही तोच वाहक असेल तर तेच औषध तिथेही का चालू नये, हा प्रश्न अगदी रास्त होता.

पण उत्तर सरळ निघाले नाही. नमुन्यांना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर वाहकाचा तपकिरी रंग बहुतेक ठिकाणी पेशीच्या आवरणावर नव्हे, आतच दिसतो. वाहक बनला, पण ज्या जागी बसून काम करायचे तिथे पोहोचलाच नाही. सरकारी भाषेत सांगायचे तर नेमणुकीचा आदेश निघाला, कर्मचारी जिल्ह्याच्या ठिकाणी आलाही, पण गावच्या दवाखान्यात हजर झालाच नाही. कागदावर पद भरलेले, दाराला कुलूप. ‘८७ टक्के’ हा आकडा वाचून थेंबांची बाटली विकणारे हा कागदच दाखवत असतात.

दुसरी अडचण त्याहून कमी बोलली जाते. थायरॉइड आयोडीन नुसते आत घेत नाही, ते एका मोठ्या प्रथिनाला जोडून डांबून ठेवते. त्यामुळे किरणोत्सारी आयोडीनला तिथे दिवसेंदिवस मुक्काम करता येतो. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशीत ही डांबून ठेवण्याची सोय जवळपास नसते. आयोडीन आत गेले तरी लवकर बाहेर पडते. शिवाय तोंडाने घेतलेल्या आयोडीनवर पहिला हक्क थायरॉइडचाच. गाठीला जे मिळते ते उरलेसुरले. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्तनाचा कर्करोग इतरत्र पसरलेल्या महिलांची अशी तपासणी झाली, तेव्हा वाहक असलेल्या गाठींपैकीही मोजक्याच गाठींनी आयोडीन खरोखर ओढलेले दिसले.

तरीही विषय बंद झाला नाही, याचे कारण प्रयोगशाळेतल्या पेशी. लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी २००० मध्ये दाखवले की ‘एमसीएफ-७’ नावाच्या स्तनकर्करोग पेशींना ‘अ’ जीवनसत्त्वाशी नाते असलेले रेटिनॉइक आम्ल दिले तर त्यांचे आयोडीन ओढणे नऊ पटींपर्यंत वाढते. (या पेशी १९७० मध्ये मिशिगनमध्ये एका ६९ वर्षांच्या ननच्या शरीरातून घेतल्या गेल्या. पन्नास वर्षांनंतरही त्या जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात. स्तनाच्या कर्करोगाबद्दलचे आपले किती ज्ञान त्या एका बाईकडून आले आहे, याची नोंद क्वचितच घेतली जाते.) पण इस्ट्रोजेनचा ग्राहक नसलेल्या पेशींवर हेच आम्ल चालले नाही. म्हणजे जनुकाला जागे करणारा हुकूम पेशीपेशीत बदलतो.

खारघरमध्ये काय चालले आहे?

टाटा मेमोरियल सेंटरची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संशोधन संस्था खारघरला आहे. खेडहून कोकण रेल्वेने पनवेलला उतरले की ती जवळच. तिथे डॉ. अभिजित डे यांच्या प्रयोगशाळेने या वाहकाचा बराच काळ पाठपुरावा केला आहे. २०१३ मध्ये त्यांच्या गटाने स्तनकर्करोगाच्या नमुन्यांत वाहकाचे प्रमाण आणि इस्ट्रोजेनच्या ग्राहकाचे प्रमाण यांचा संबंध असल्याचे दाखवले. रंग ‘थोडा’ की ‘गडद’ हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायचे, तर दोन डॉक्टर दोन उत्तरे देतात. म्हणून तो मोजणारी एक मोफत संगणक प्रणालीही याच गटाने २०१४ मध्ये जगाला दिली.

पुढचा प्रश्न होता जनुकाचा आवाज वाढवण्याचा. डीएनए पेशीत मोकळा पडलेला नसतो, हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर तो गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट असेल तर जनुक वाचता येत नाही. ती घट्ट करणारी ‘एचडीएसी’ नावाची विकरे रोखणारी औषधे आहेत. अपस्मारासाठी वापरले जाणारे जुने व्हॅल्प्रोइक आम्लही त्याच गुणाचे. अशी औषधे देऊन स्तनकर्करोगाच्या पेशींत या वाहकाचे जनुक जास्त काम करते, असे या गटाने २०१६ मध्ये दाखवले. त्यानंतर २०१९ मध्ये त्यांनी वाहक जागेवर का पोहोचत नाही या मूळ दुखण्याला हात घातला. वाहक तयार झाल्यावर त्याला साखरेच्या रेणूंची झालर लागते. त्यातली मॅनोज नावाच्या साखरेची पायरी नीट झाली नाही तर वाहक आवरणापर्यंत जात नाही आणि कामही करत नाही, असे त्यात आढळले.

हे सगळे काम पेशींवरचे आणि उंदरांवरचे आहे. रुग्णाला देता येईल असा उपचार यातून अजून तयार झालेला नाही, आणि तसे कुणी म्हणत असेल तर ते ऐकू नये. पण मला या कामाचे मोल त्या उपचाराच्या आशेपेक्षा वेगळ्या कारणासाठीही वाटते. भारतात ‘ट्रिपल निगेटिव्ह’ स्तनकर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे. त्यात इस्ट्रोजेन रोखणाऱ्या गोळ्या चालत नाहीत आणि हर-२ वरचे महागडे इंजेक्शनही लागू पडत नाही. ज्या गाठीकडे औषधाने पकडायला जागाच नाही, तिथे अशी जागा शोधणे हे आपल्या रुग्णांसाठी आपणच करायचे काम आहे. बोस्टन किंवा लंडनच्या रुग्णालयांना त्याची तितकी निकड नाही. अशा संशोधनाला दहा-दहा वर्षे पैसा आणि संयम लागतो. आणि ‘आयोडीनने कर्करोग बरा’ असे मथळे देण्याचा मोह आम्हा वर्तमानपत्रवाल्यांनाही आवरावा लागतो.

थेंब घेतले तर बिघडले काय?

हिशेब करून पाहू. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला २५०. या उपचारासाठी नेहमी ज्याचे नाव घेतले जाते त्या लुगोलच्या पाच टक्के द्रावणाच्या एका थेंबात सुमारे सहा मिलिग्रॅम, म्हणजे सहा हजार मायक्रोग्रॅम आयोडीन असते. एका थेंबात चाळीस दिवसांचा शिधा. जाहिरातीत तर दिवसाला काही थेंब सांगितलेले असतात.

इतके आयोडीन आले की थायरॉइड स्वतःचे काम तात्पुरते थांबवते आणि पुढच्या काही दिवसांत हाच वाहक कमी करते, म्हणजे दार लावून घेते. निरोगी माणूस बहुधा यातून सावरतो. आधीच थायरॉइडचा दाह असलेल्या बाईची ग्रंथी मंदावू शकते किंवा कधी उलट भडकू शकते. बाळंतिणीने घेतले तर जादा आयोडीन दुधातून बाळाकडे जाते. कोरियात बाळंतिणीला समुद्रशेवाळाचे सार रोज देण्याची जुनी रीत आहे आणि त्यातून नवजात बाळांची थायरॉइड मंदावल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

समुद्रशेवाळाचा विषय निघाला की जपानचा दाखला येतोच. तिथल्या बायका शेवाळ खातात, म्हणून त्यांना स्तनाचा कर्करोग कमी होतो, असे सांगतात. पण जपान आणि अमेरिका यांत वजन, पहिल्या बाळंतपणाचे वय, दारू, आहार असे कितीतरी फरक होते आणि जपानमध्येही हा आजार गेल्या काही दशकांत वाढलाच आहे. एका पदार्थाला श्रेय देण्याइतके हे गणित सोपे नाही. मेक्सिकोतील एक गट रेणूच्या रूपातील आयोडीनवर काम करतो आणि त्यांनी काही लहान चाचण्या केल्या आहेत, हे खरे. पण त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नेहमीच्या केमोथेरपीच्या सोबतीने झालेल्या आहेत. केमोथेरपी सोडून थेंब घ्या, असे तेही सांगत नाहीत.

आणि मिठाचे काय?

कोकणात हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, ‘आम्ही समुद्राकाठची माणसे, मासे खातो, आम्हाला आयोडीनचे मीठ कशाला?’ मासळीत आयोडीन असते, हे बरोबर. पण खेड काही हर्णै-दाभोळ नाही, ताजी मासळी रोज प्रत्येकाच्या ताटात येत नाही आणि काही घरांत बाळंतिणीला मासळी वर्ज्य असते. ज्या आईच्या स्तनातला हा वाहक सगळ्यात जास्त काम करत असतो, नेमकी तिचीच ताटातली आवक आपण बंद करतो. आणखी एक गैरसमज खडेमिठाचा. मिठागरातले मीठ समुद्राच्या पाण्याचे असले तरी त्यात आयोडीन नगण्य असते. ते वेगळे मिसळावे लागते. ग्राहकाच्या हाती येताना मिठात दर किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे, असा नियम आहे. लोणच्याला आणि मासळी खारवायला खडेमीठ वापरा, रोजच्या आमटीला पाकिटातले.

कोकणातल्या पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते आणि त्या पाण्याबरोबर आयोडीनही जाते. म्हणून मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब ठेवावे. स्तनपान करणाऱ्या आईसाठी ही साधी काळजी कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त उपयोगी आहे. पण मीठ कर्करोग रोखते, असा दावा इथे कुणी करत नाही.

गाठ लागली तर?

जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. यातल्या बऱ्याच मृत्यूंमागे उशीर आहे. म्हणून टाटा मेमोरियलने मुंबईत केलेला एक अभ्यास मला जनुकांच्या सगळ्या संशोधनाइतकाच महत्त्वाचा वाटतो. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात दीड लाखाहून जास्त स्त्रिया होत्या. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, नुसत्या हाताने स्तनांची तपासणी केली. मॅमोग्राफीचे यंत्र नाही, रक्ताची चाचणी नाही. वीस वर्षांनंतर, २०२१ मध्ये निकाल आला. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे.

खेड तालुक्यातल्या बाईला या तपासणीसाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. गाठ, स्तनाच्या कातडीवर खळी, बोंड आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्तासारखा स्राव, यातले काहीही दिसले तर कळंबणीच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवता येते आणि पुढच्या तपासण्यांसाठी चिपळूण तालुक्यात डेरवणचे वालावलकर रुग्णालय आहे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या निघत नाहीत. ज्या निघतात त्यांचा तुकडा तपासताना इस्ट्रोजेनचा ग्राहक, प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक आणि हर-२ या तीन गोष्टी पाहिल्या जातात आणि उपचार त्यावर ठरतो. आयोडाइडच्या वाहकाची तपासणी आज त्या यादीत नाही. पुढे कधी ती आली, तर ती त्याच तुकड्यावर, त्याच तपकिरी रंगात होईल आणि तेव्हा डॉक्टर पाहतील तो वाहक पेशीच्या आत आहे की आवरणावर.